आवाज पाहिलेली माणसं

‘बाप’ आणि ‘पाप’ हे दोन शब्द ओठांवर अगदी एकसारखे दिसतात. ‘माप’ही तसाच. ओठ मिटतात, उघडतात, पुन्हा मिटतात. आत कंठ घुमला की नाही, श्वास नाकातून गेला की तोंडातून, हे बाहेरून पाहणाऱ्याला कळायला काही मार्ग नसतो. ख्रिस्ती उपदेशात ‘बाप’ आणि ‘पाप’ या शब्दांइतकं वारंवार दुसरं काय येतं? उधळ्या मुलाच्या दाखल्यात तर ते एका दमात येतात: मुलगा घरी परततो, बापाला हाक मारतो आणि पाप केल्याचं कबूल करतो. पाळकांच्या ओठांवर तेव्हा एकच आकार पुन्हा पुन्हा उमटतो. तो दाखला मला लहानपणापासून पाठ आहे, म्हणून मी त्यातून वाट काढते. जे आधीपासून ठाऊक नाही ते ओठांवरून वाचणं फार कठीण. लोक त्याला ओठवाचन म्हणतात. माझ्या अनुभवात त्यातला मोठा वाटा आठवणीचा असतो. ओळखीचं वाक्य समोरच्या चेहऱ्यावर दिसलं की मन उरलेलं भरून घेतं.

माझं ऐकणं चाळिशीनंतर कमी होत गेलं. नसेचा बहिरेपणा, असं डॉक्टरांनी सांगितलं. कानाच्या अगदी आत गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली एक नळी असते आणि तिच्यात केसांसारखे तुरे असलेल्या पेशी ओळीने बसलेल्या असतात. उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी नळीच्या तोंडाशीच असतात. बहुधा त्याच आधी जातात, आणि माणसाच्या कानात गेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. मराठी बोलताना स्वर खालच्या पट्टीत घुमतात आणि लांबवर पोचतात. स, श, ख, थ, फ ही अक्षरं मात्र नुसत्या श्वासावर चालतात. ती वरच्या पट्टीत, हलकी, चटकन विरणारी. समोरचा बोलतोय हे मला कळतं, काय बोलतोय ते कळत नाही, याचं कारण एवढंच आहे. ख्रिस्त, शास्त्र, शांती, सत्य, विश्वास, सुवार्ता. माझ्या श्रद्धेतले मोठे शब्द नेमके याच अक्षरांवर उभे आहेत.

कानाचं मशीन आवाज मोठा करतं. गेलेलं अक्षर ते परत आणू शकत नाही. त्यात आमचं चर्च दगडी आणि उंच छताचं. एक शब्द भिंतीवर आपटून परत येईपर्यंत दुसरा निघालेला असतो, वर पंखे, मागच्या बाकांवर तान्ही मुलं. भजन सुरू झालं की डग्ग्याचा ठोका मला बाकाच्या लाकडातून कळतो, पेटीचे खालचे सूर कळतात, ख्रिस्ती कवी टिळकांच्या अभंगातला शब्द मात्र पोचत नाही. मी ‘उपासना संगीत’ हे भजनांचं पुस्तक उघडून ठेवते आणि ओळीवर बोट धरून मंडळीबरोबर चालते. कित्येकदा मंडळी पुढच्या कडव्यात गेलेली असते. शेजारची बाई न बोलता माझं बोट उचलून बरोबर ओळीवर ठेवते. तिचे उपकार मी रोज प्रार्थनेत आठवते.

पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात, विश्वास ऐकण्यातून येतो अशा अर्थाचं एक वाक्य आहे. उपदेशांत ते फार लाडकं. सुवार्ता सांगितली गेली पाहिजे, कुणीतरी पाठवलं गेलं पाहिजे, पाय थकले तरी चालत राहिलं पाहिजे, हा त्या अध्यायाचा जीव आहे आणि तो मला पटतो. पण त्या वाक्याने बहिऱ्या माणसांचं नुकसानही केलं. ऑगस्टिनसारख्या थोर माणसाने त्याचा आधार घेऊन, बहिरेपण विश्वासाच्या आड येतं असं लिहून ठेवलं आणि पुढची अनेक शतकं जन्मतः बहिऱ्यांना धर्मशिक्षणाच्या दारात उभं करताना लोक कचरले. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये लेपे नावाच्या धर्मगुरूंना दोन बहिऱ्या बहिणी भेटल्या. त्यांना कुणी देवाविषयी काही शिकवलेलं नाही, या काळजीने त्यांनी १७६०च्या सुमारास खुणांमधून शिकवायला सुरुवात केली. बहिऱ्यांच्या शाळांच्या इतिहासातलं हे एक मोठं नाव, आणि त्यामागे होती ती एका पाद्र्याची काळजी.

पौलाचं ते वाक्य वाचताना मी नेहमी त्याच पत्राच्या शेवटच्या अध्यायाकडे जाते. तिथे तर्तियस नावाचा एक माणूस मध्येच स्वतःचं नाव घालून मंडळीला सलाम सांगतो, कारण पौल सांगत होता आणि लिहीत होता तर्तियस. पत्र रोमला बहुधा फिबी नावाच्या बाईने नेलं. म्हणजे ऐकण्याविषयीचं ते वाक्यसुद्धा कुणाच्या तरी हाताने कागदावर उतरलं, कुणाच्या तरी पिशवीतून समुद्रापार गेलं, आणि तसं गेलं म्हणून आज माझ्यापर्यंत आलं. पौलाचा आवाज कुणालाच ऐकू आलेला नाही. त्याच्यापुढे आम्ही सगळे सारखेच बहिरे आहोत, आणि तर्तियसच्या अक्षरावर सगळ्यांचं भागतं आहे.

हे सगळं मला इतकं जवळचं वाटण्याचं खरं कारण पंडिता रमाबाई आहेत.

रमाबाईंना ऐकू कमी येत असे. त्यांच्याविषयीच्या लेखनात ही गोष्ट एखाद्या ओळीत येते आणि निघून जाते. १८८३ साली त्या आपल्या लहानग्या मुलीला, मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकी शिकायला. आदल्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना, या देशातल्या बायकांना बायका डॉक्टर हव्यात असं त्यांनी ठामपणे मांडलं होतं. वाँटेजला सेंट मेरीच्या भगिनींकडे त्या राहिल्या आणि तिथे उघड झालं की कानांच्या या अधूपणामुळे वैद्यकी जमणार नाही. नवरा आदल्या वर्षी कॉलऱ्याने गेलेला, पदरात दोन वर्षांची मुलगी, परका देश, आणि ज्यासाठी समुद्र ओलांडला तेच दार बंद. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेजमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. बंद झालेलं दार आणि बाप्तिस्मा यांची गाठ मी मारणार नाही. रमाबाईंचा विश्वास इतक्या सोप्या धाग्याने शिवलेला नव्हता. पण माझ्यासारखीला ते वर्ष वाचताना थांबावंच लागतं.

कारण ही मुलगी वाढली होती ती कानावर. वडील अनंतशास्त्री डोंगरे आणि आई लक्ष्मीबाई तीर्थक्षेत्रांतून हिंडत, देवळांच्या आवारात बसून पुराणं वाचत. ऐकणाऱ्याला पुण्य, वाचणाऱ्याला शिधा. आईने रमाबाईंना संस्कृत शिकवलं ते तोंडी. मुलगी ऐकायची, म्हणायची, पुन्हा म्हणायची. हजारो श्लोक अशा रीतीने तिच्यात उतरले. दुष्काळाने आईवडील नेले आणि १८७८ साली ती भावाबरोबर कलकत्त्याला पोचली, तेव्हा तिथल्या पंडितांनी तिचं पाठांतर ऐकूनच तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. तिची सगळी विद्या कंठातली. अशा बाईचे कान अधू व्हावेत, आणि तिने उरलेलं आयुष्य हळूहळू कागदाकडे वळवावं, या वळणाचा मी फार विचार केला आहे.

इंग्लंडातल्या तिच्या वर्षांचा मोठा भाग पत्रांत आहे. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन, चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या डोरोथिया बील आणि काही बिशप यांच्याशी तिने त्रैक्य, ख्रिस्ताचं देवत्व, चर्चचा अधिकार यांवर केलेले वाद पत्रांतून वाचायला मिळतात. बाप्तिस्मा घेतला म्हणून विचार करायचं सोडलं नाही. एक प्रसंग मला विशेष आठवतो. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन शब्द असावेत हे तिला मान्य नव्हतं. आपल्या जुन्या संस्कृतात काय कमी आहे, असा तिचा प्रश्न होता. ख्रिस्त मान्य केला तरी तो लॅटिनमधूनच घ्यायचा, असं तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

आणि हीच बाई पंधरा-वीस वर्षांनी केडगावच्या माळावर बसून संस्कृतालाही नकार देते. १८८२ सालची तिची ‘स्त्रीधर्मनीति’ पाहावी. तिची मराठी पंडिती, समासांनी जड. मग विधवांसाठी काढलेलं शारदा सदन आलं, १८९६-९७चा दुष्काळ आला, मध्य प्रांतातून आणि नंतर गुजरातेतून हाडांचे सापळे झालेल्या मुली आणि विधवा शेकड्यांनी केडगावला आल्या. त्यांना अक्षरं शिकवायची होती, काम शिकवायचं होतं, आणि त्यांच्या हाती शास्त्र द्यायचं होतं. मराठी बायबल तेव्हा होतंच. सेरामपूरहून विल्यम कॅरींनी पंडित वैजनाथांच्या मदतीने नवा करार १८११ साली छापला होता, पुढे मुंबईच्या मिशनऱ्यांनी आणि बायबल सोसायटीने त्यावर काम केलं होतं. पण रमाबाईंना त्यात दोन अडचणी दिसल्या. एक, भाषा जड. शेतावरून आलेल्या बाईला ती पेलत नाही. दुसरी, पुष्कळ शब्द जुन्या देवळांतून आणि पोथ्यांतून उचललेले. त्यांच्याबरोबर त्यांचे जुने अर्थही आत येतात. संस्कृत ज्यांना येत नाही ते ही दुसरी अडचण पाहू शकत नाहीत. रमाबाईंना ती दिसली, कारण त्या पोथ्या त्यांना पाठ होत्या.

म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सगळं बायबल मुळापासून मराठीत आणायला बसल्या. एका बाईने, एकटीच्या जबाबदारीवर, सगळं. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात टाइप जुळवणाऱ्या बायकाच होत्या, दुष्काळातून वाचलेल्या. १९२१ च्या जुलैत मनोरमा गेली. आई काम करत राहिली. शेवटची मुद्रितं तपासून होईपर्यंत देवाने आपल्याला ठेवावं अशी प्रार्थना त्यांनी केली आणि काम संपल्यावर गेल्या, असं मुक्तीत सांगतात. ५ एप्रिल १९२२ ही त्यांच्या मृत्यूची तारीख. संपूर्ण बायबल बाहेर आलं ते १९२४ साली.

या भाषांतराला मंडळ्यांत फारशी जागा मिळाली नाही. मूळ शब्दाला घट्ट धरून राहायच्या हट्टाने त्याची वाक्यं ठेचकाळतात. व्यासपीठावरून मोठ्याने वाचायला ती अवघड. तीनशे वर्षं आधी गोव्यात फादर स्टीफन्सनी ‘ख्रिस्तपुराण’ रचलं ते ओवीत, ऐकणाऱ्यांसाठी. १६१६ साली ते छापलं गेलं. त्यात स्वर्गाला वैकुंठ म्हणायला ते कचरले नाहीत, कारण ऐकणारा त्या शब्दाशी रुळलेला होता आणि ओवीच्या लयीत तो सुखाने बसत होता. स्टीफन्सच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे, आणि मराठीवर त्यांच्याइतकं प्रेम करणारा परदेशी विरळाच. पण मला जवळ करतं ते रमाबाईंचं ठेचकाळणारं गद्य. ते कानाला खूश करायला थांबत नाही. शब्द छोटा, वाक्य छोटं, कोण कुणाला काय म्हणालं हे स्पष्ट. नुकतीच अक्षरं शिकलेली बाई त्यावर बोट ठेवून एकेक शब्द वाचू शकते. तशीच मीही वाचते. ऐकू कमी येणाऱ्या बाईने हे भाषांतर केलं म्हणून ते असं झालं, असं मी म्हणणार नाही. दुष्काळातल्या बायकांसाठी ते तसं झालं. तरी मला वाटतं, समोरच्याच्या तोंडून येणारं वाक्य अर्धवटच हाती लागतं हे ज्याला रोज सोसावं लागतं, त्याला पूर्ण आणि साध्या वाक्याची किंमत इतरांपेक्षा लवकर कळते.

भाषांतर म्हणजे निवड. भाषांतरकाराने एका बाजूला पाय टाकला की दुसरी बाजू अंधारात जाते, आणि बहिऱ्या वाचकाच्या दृष्टीने अंधारात गेलेल्या काही जागा मी जमवत असते. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात देव सीनाय पर्वतावर आज्ञा देतो. गडगडाट, विजा, रणशिंग, धूर. मूळ हिब्रूत तिथे एक विलक्षण क्रियापद आहे: लोक ते आवाज पाहतात. आवाज ‘पाहणं’ खटकतं म्हणून अनेक भाषांतरकार तिथे दुरुस्ती करतात, गडगडाट ऐकायला लावतात आणि विजा पाहायला. वाक्य सुरळीत होतं. पण ज्यू परंपरेतल्या जुन्या भाष्यकारांनी ‘पाहिले’ हा शब्द सोडला नाही. त्यांनी त्यावर पुष्कळ विचार केला. मीही सोडणार नाही. त्या डोंगराखाली हजारो माणसं होती. त्यांत म्हातारी होती, आजारी होती, बहिरी नक्कीच होती. त्या एका क्रियापदामुळे त्यांच्यातलं कुणी कराराबाहेर राहत नाही.

एलियाची गोष्टही तशीच. ईजबेल राणीच्या भीतीने पळालेला, मरण मागणारा संदेष्टा होरेबच्या गुहेत आहे. वारा येतो, भूकंप येतो, आग येते, आणि देव त्यांत नसतो. मग जे येतं त्याला हिब्रूत तीन शब्द आहेत: एक आवाजाचा, एक निःशब्दतेचा, एक बारीकपणाचा. ग्रीक भाषांतरकारांनी त्याची हलकी झुळूक केली. १६११च्या इंग्रजी बायबलने त्याचा मृदू, लहान आवाज केला आणि मराठीत उपदेश करणारेही बहुधा त्याच वाटेने जातात: देव हळू बोलतो, म्हणून कान देऊन ऐका. हा उपदेश मी अनेकदा वाचला आहे आणि दरवेळी दुखावले आहे. हळू बोललेलंच तर मला मुळीच ऐकू येत नाही! देव हळू आवाजात बोलत असेल तर माझं काय? पण हिब्रू शब्दांत निःशब्दता आहे. विरळ, बारीक, जिचा स्वतःचा काही ध्वनी आहे अशी. ती मला माहीत आहे. रात्री मशीन काढून उशाशी ठेवलं की जग जातं आणि आत एक बारीक किणकिण उरते, नसांची. तिथे प्रार्थना करायला मी शिकले. एलियाने त्या क्षणी झग्याने तोंड झाकलं, असं पुस्तक सांगतं.

चाळिसाव्या स्तोत्रात आणखी एक जागा आहे, छोटी. हिब्रूत कवी म्हणतो की देवाने त्याचे कान खोदून उघडले, दगडात विहीर खोदावी तसं ते क्रियापद. ग्रीक भाषांतरात कानांच्या जागी शरीर आलं. आणि इब्रीकरांस पत्र लिहिणाऱ्याने दहाव्या अध्यायात तेच ग्रीक वाचन घेऊन ते ख्रिस्ताच्या तोंडी घातलं. विद्वान यावर अजूनही वाद घालतात. मला मात्र या बदलाचा आधार वाटतो. कानांनी जे करायचं ते अख्ख्या शरीराने करता येतं, हे शास्त्राच्या आतच एका भाषांतराने मान्य केलं आहे.

व्यासपीठावरून ‘बहिरा’ हा शब्द ज्या अर्थाने येतो तो मला आता सहन होत नाही. हट्टी, पापी, देवाचं न मानणारा तो बहिरा. यशयाने तशी भाषा वापरली आहे हे खरं, आणि मराठीत ‘ऐकणं’ म्हणजे मानणंही असतं, म्हणून ती आपल्या तोंडात सहज बसते. पण त्याच यशयाच्या बेचाळिसाव्या अध्यायात देव विचारतो की माझ्या सेवकासारखा, मी पाठवलेल्या दूतासारखा बहिरा कोण आहे. तिथे बहिरा हा निवडलेला आहे, पाठवलेला आहे. आणि लेवीयात, बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नका, अशी सरळ आज्ञाच आहे. त्याला ऐकू येणार नाही म्हणून काहीही बोललं तरी चालेल असं समजू नका, देव ऐकतो आहे. पाळकांनी कधीतरी या आज्ञेवर बोलावं अशी माझी फार इच्छा आहे.

एकदा परगावच्या एका प्रार्थनासभेत मला पुढे बोलावलं गेलं. कानांवर हात ठेवले गेले, मोठमोठ्याने प्रार्थना झाली, आणि मग विश्वास असेल तर मशीन काढ, असं सांगण्यात आलं. ती माणसं वाईट नव्हती. त्यांना माझं भलं हवं होतं. मी मशीन काढलं नाही, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी निराशा आली ती वाचायला मला कानांची गरज नव्हती. देव बरं करतो यावर माझा विश्वास आहे. आपल्या शरीरातला काटा देवाने काढावा म्हणून पौलाने तीनदा विनवणी केली आणि तो काटा राहिला, यावरही आहे.

बरं होण्याच्या या प्रश्नाचा मी जो विचार करत होते त्याला आमच्या मंडळीतल्या एका मुलाने वेगळीच दिशा दिली. तो जन्मतः बहिरा आहे, आईबरोबर पुढच्या बाकावर बसतो. त्याची भाषा खुणांची. बहिऱ्यांच्या शाळेत तो ती शिकला आणि आई त्याच्याकडून. मराठी त्याला वाचता येते, पण कष्टाने. रमाबाईंचं साधं वाक्यही त्याला परकंच आहे, कारण मराठीच त्याची पहिली भाषा नाही. मी इतकी वर्षं पुस्तकाच्या आधाराने तरले, आणि ते पुस्तक त्याच्या उपयोगाचं नाही, हे समजायला मला त्याच्या शेजारी बसावं लागलं.

बहिऱ्यांना खुणा करू देऊ नयेत, ओठ वाचायला आणि बोलायलाच शिकवावं, असा ठराव १८८० साली मिलानच्या परिषदेत झाला आणि त्याने जगभरच्या शाळांचं शतकभर नुकसान केलं. त्याच दशकात मुंबईत बिशप लिओ म्यूरिन यांनी बहिऱ्यांसाठी देशातली पहिली शाळा काढली. भारतीय सांकेतिक भाषेसाठी सरकारी संशोधन केंद्र दिल्लीत उभं राहायला २०१५ साल उजाडलं. अमेरिकेत डेफ मिशन्स या संस्थेने तिथल्या सांकेतिक भाषेत बायबल आणायला १९८१ साली सुरुवात केली आणि ते २०२० साली पूर्ण झालं. सांकेतिक भाषेतलं जगातलं ते पहिलं संपूर्ण बायबल. ते कागदावर नाही, चित्रफितींत आहे. तिथे भाषांतरकाराला अशा गोष्टी ठरवाव्या लागतात ज्या लिहिणाऱ्याला टाळता येतात. पेत्र कुठे उभा आहे, येशू कुणाकडे पाहून बोलतो आहे, प्रश्न विचारताना भुवया रागाने आवळल्या आहेत की मायेने उंचावल्या आहेत. हात रिकाम्या जागेत बोलू शकत नाहीत. त्यांना कुणीतरी कुठेतरी बसवावं लागतं. रमाबाईंना हे काम आवडलं असतं. बाईला तिच्या तोंडची भाषा द्या, हाच त्यांचा आग्रह होता. इथे तोंडाच्या जागी हात आहेत, इतकंच.

गेल्या काही रविवारी शब्बाथ शाळेनंतर मी, तो मुलगा आणि त्याची आई मार्काच्या सातव्या अध्यायातली गोष्ट करत आहोत. दकापलीसच्या मुलखातला तो बहिरा, तोंडाने नीट न बोलू शकणारा माणूस. येशू त्याला गर्दीतून बाजूला नेतो. कानांत बोटं घालतो, जिभेला स्पर्श करतो, वर आकाशाकडे पाहतो, उसासा टाकतो. हे सगळं आधी, आणि मग शब्द. तो शब्द मार्काने अरामीतच ठेवला आहे, ‘एप्फाथा’, आणि मग त्याचा अर्थ ग्रीकमध्ये सांगितला आहे. आरशासमोर तो म्हणून पाहावा: मधल्या ‘प्फा’ला ओठ असे ठळक हलतात की तो दुरूनही दिसतो. कान उघडण्याआधी येशूने त्या माणसाशी त्याला समजेल अशा खुणांनी बोलून घेतलं होतं, हे मला आधी का दिसलं नाही कोण जाणे. मुलाला ते पहिल्याच वाचनात दिसलं. आईने हातांनी गोष्ट सांगायला सुरुवात केली आणि कानात बोट, जिभेवर बोट इथपर्यंत आली, तेव्हा त्याने तिला थांबवलं आणि माझ्याकडे वळून मोठ्या उत्साहाने विचारलं, येशूला खुणा येत होत्या?

येशूसाठी त्याची खूण अशी: एका हाताचं मधलं बोट दुसऱ्या तळहातावर टेकवायचं, मग दुसऱ्याचं पहिल्यावर. खिळ्यांच्या जागा. ती खूण करतच त्याने पुढचं विचारलं, आणि ते आईने मला वहीत लिहून दिलं, कारण ते माझ्या हातांच्या ओळखीपलीकडचं होतं. बरा झाल्यावर तो माणूस खुणा विसरला का?

मी लिहिलं, मार्काने ते सांगितलेलं नाही. येशूने झालेलं कुणाला सांगू नका म्हटलं आणि लोकांनी ते जास्तच सांगितलं, एवढंच तिथे आहे.

मुलाने ते आईकडून समजून घेतलं, थोडा विचार केला आणि हातांनी सांगितलं की नसणार विसरला. त्याचे बहिरे मित्र असतील ना तिथे; त्यांना तो आणखी कशाने सांगणार?